फ्लॉरेन्सचे दोन दिवस: ‘रांगेशिवाय प्रवेश’वाल्या साइटला पैसे भरण्याआधी हे वाच

“रविवारी रात्री पोचतोय, सोमवार-मंगळवार फिरणार, जर्मन स्टुडंट कार्डावर उफिझी दोन युरोत होईल ना? एका साइटवर ‘रांगेशिवाय प्रवेश’ मिळतोय, घेऊ का?” तुझा हा प्रश्न वाचून राहवलं नाही. थांब, अजून पैसे भरू नकोस. व्हिसा, विमा, हॉस्टेल हे तुला ठाऊक असणारच, ते सोडतो.

सोमवारी उफिझी हे कलासंग्रहालय बंद, मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा पुतळा जिथे आहे ते आकादेमियाही बंद. म्हणजे सोमवार कॅथेड्रलला आणि मंगळवार संग्रहालयांना, दुसरी सोय नाही.

दोन युरोचं तिकीट १८ ते २५ वयाच्या युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. तिथे पासपोर्ट बघतात, विद्यापीठ नाही. ऑनलाइन ते कुणालाही घेता येतं, अडवतात ते थेट दारात. आर्किटेक्चर किंवा कलेचा इतिहास शिकत असशील तर वेगळी सवलत असते, ती संग्रहालयाच्या साइटवर नीट वाचून घे.

आता त्या साइटबद्दल, कारण मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. शोधल्यावर सगळ्यात वर येतात त्या बहुतेक जाहिराती असतात. नाव, फोटो, रंग असे की अधिकृतच वाटावं. ओळखायची खूण किंमत: संग्रहालय मूळ तिकिटावर आरक्षणाचे फक्त चार युरो घेतं. त्याहून बराच जास्त आकडा दिसला की मधे कुणीतरी आहे असं समज. पैसे भरल्यावर हातात येतं ते तिकीट नसतं, व्हाउचर असतं. अधिकृत आरक्षणातही कधी कागद बदलून घ्यावा लागतो, पण तो संग्रहालयाच्याच खिडकीवर. या मध्यस्थांचा मात्र तो बदलायचा दोन गल्ल्या पलीकडच्या कुठल्यातरी ऑफिसात किंवा चौकात उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाकडे. व्हाउचरवरची वेळही बऱ्याचदा त्या माणसाला भेटायची असते, आत जायची नव्हे. उशीर झाला तर ऑफिस म्हणतं संग्रहालयाला विचारा, आणि संग्रहालयाच्या यादीत तुझं नावच नसतं. परतावा मागितला की अटींचं पान पुढे करतात. विद्यार्थ्याच्या खिशातून असे पैसे उकळलेले बघितले की आजही संताप होतो. (सगळेच मध्यस्थ असे नसतात. गाइडसकट फेरी हवी असेल तर चांगले लोकही आहेत.) आणि ‘रांगेशिवाय’ म्हणजे तरी काय? वेळ ठरलेल्या कुठल्याही अधिकृत तिकिटाला खरेदीची रांग नसतेच. सुरक्षा तपासणीची रांग मात्र कुणालाच चुकत नाही.

बुकिंग कॅथेड्रलच्या घुमटापासून सुरू कर, सगळ्यात आधी संपतं ते हेच. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने बांधलेल्या या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्की पास (घुमट आणि कॅथेड्रलच्या बाकीच्या वास्तूंचं एकत्र तिकीट) तीन दिवस चालतो, पण घुमटाची वेळ बुकिंग करतानाच ठरते आणि नंतर बदलत नाही. मिनार, बाप्टिस्टरी (बाप्तिस्म्याची वास्तू) आणि कॅथेड्रलचं संग्रहालय त्याच तीन दिवसांत सवडीने बघ. मिनारही ४१४ पायऱ्यांचा आहे, दोन्ही एका सकाळी चढू नकोस. कॅथेड्रलमध्ये नुसतं जायला तिकीट लागत नाही, पण खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मोठी सॅक घेऊन घुमटावर सोडत नाहीत.

आकादेमियाचं तिकीट नाहीच मिळालं तर डेव्हिडची प्रत पियात्सा देला सिन्योरिया या चौकात फुकट दिसते. तरी माझं मत विचारशील तर आकादेमियातले मायकेलअँजेलोचे अर्धवट कोरलेले ‘कैदी’ दगडातून बाहेर येताना बघायलाच पैसे मोजावेत. सिन्योरियाच्या चौकात पालात्सो वेक्यिओ या जुन्या राजवाड्याला लागून पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे, बाटली तिथेच भर.

पिसाला जायचं झालं तर प्रादेशिक रेल्वेगाडी घे. भाडं ठरलेलं असतं, आधी काढून काही वाचत नाही. मशीनमधून कागदी तिकीट काढलंस तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात त्यावर शिक्का मार. बिनशिक्क्याच्या तिकिटाला दंड होतो, ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. कलत्या मनोऱ्याला पिसा सान रोस्सोरे स्टेशन जवळ पडतं, पिसा चेंत्राले हे मुख्य स्टेशन लांब.

सोमवारची दुपार मोकळी असेल तर कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला जा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, तिथेच छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलाचं नावच ‘पोन्ते आल्लिंदियानो’. बाग लांबलचक आहे, ट्रामच्या थांब्यावरून बरंच चालावं लागतं, म्हणून उजेड असताना नीघ.