लंडनमध्ये पहिलं म्युझिकल बघणार असशील तर

जरूर जा, विद्यार्थ्याच्या बजेटातही जमतं. नवखे फसतात ते तिकिटात. शोधल्यावर सगळ्यात वर आलेली साइट अनेकदा मधल्या विक्रेत्याची असते आणि ती वर घसघशीत शुल्क लावते. म्हणून आधी थिएटरची स्वतःची साइट बघ. शनिवारची संध्याकाळ सोड, आठवड्याच्या मधल्या वारचा दुपारचा प्रयोग धर. लेस्टर स्क्वेअरच्या 'टीकेटीएस' खिडकीवर सवलतीत तिकिटं मिळतात; काही प्रयोगांची त्याच दिवसाची 'रश' तिकिटं 'टुडेटिक्स' अ‍ॅपवर येतात.

फारच स्वस्त सीट दिसली तर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलंय का ते वाच, नाहीतर समोर खांब यायचा. वरच्या मजल्याला मात्र नाक मुरडू नकोस. चेहरे लहान दिसतात, पण समूहनृत्याची आखणी तिथूनच कळते. मला तर तेच आवडतं.

बाकी थोडक्यात:
- वीस मिनिटं आधी पोच. उशिरा आलेल्यांना बरेचदा योग्य क्षण येईपर्यंत बाहेरच थांबवतात.
- कथानक वाचून जा. 'ले मिझराब्ल'सारख्या प्रयोगात जवळजवळ सगळं गाण्यातूनच घडतं.
- फोन बंद. सोबत गुणगुणायचं नाही, आणि 'वन्स मोअर' तर नाहीच!

कपडे? जीन्स चालते.