यादीतला एकविसावा

प्रश्न : बाई, २०२४ साली सुमित नागलनं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये कझाकस्तानच्या बुब्लिकला हरवलं, तेव्हापासून मी टेनिस बघायला लागलो. तुम्ही मात्र सहाशेव्या-सातशेव्या क्रमांकाच्या खेळाडूंबद्दल लिहिता. ते टीव्हीवर तर दिसत नाहीत. त्यांचा माग ठेवायचा कसा, आणि त्यात मिळतं काय?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नागलचंच बघा. मेलबर्नला, त्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, त्याला मुख्य फेरीत थेट जागा नव्हती. १३७ वा होता, पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून आत आला. त्याच्या चारेक महिने आधी त्यानं जाहीरपणे सांगितलं होतं की खात्यात ९०० युरो उरलेत. तुम्ही पाहिलात तो जिन्याचा वरचा टप्पा. मी खालच्या पायऱ्या बघते.

सगळ्यात खाली आहेत आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा. पूर्वी त्यांना ‘फ्युचर्स’ म्हणत, जुनी माणसं अजून म्हणतात. पुरुषांची १५ हजार डॉलरची स्पर्धा जिंकली तर २,१६० डॉलर आणि क्रमवारीचे १५ गुण. मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरलात तर १५६ डॉलर, म्हणजे साधारण तेरा-चौदा हजार रुपये, आणि गुण शून्य. त्यात प्रवास, राहणं, खाणं, रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बदलणं. मिळवलेले गुणही ५२ आठवड्यांनी गळतात. वर्षापूर्वी जिंकलेली स्पर्धा या आठवड्यात खेळाडूच्या मानेवर बसते.

माग ठेवायचा तर एक खेळाडू धरा. एकच. आणि निकालाच्या आधी याद्या वाचायला शिका. स्पर्धेच्या अडीच आठवडे आधी नावं बंद होतात आणि प्रवेशयादी लागते : मुख्य फेरीतले, पात्रता फेरीतले, त्याखाली पर्यायी, म्हणजे कुणी गळलं तर आत येणारे. एकाच आठवड्यासाठी खेळाडू अनेक स्पर्धांना नावं देतात, मग एकेक जण माघार घेतो आणि यादी वर सरकते. माझा खेळाडू (नाव छापणार नाही, त्याच्या डोक्यावर आणखी ओझं नको) गेल्या वर्षी चवथीच्या आठवड्यात पर्यायी यादीत एकविसावा होता. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट, बांधताना एका हातात सुंभ आणि दुसऱ्यात मोबाईल. चवदा झाला. नऊ झाला. आरतीच्या वेळी चार. रात्री पुतणीनं हाक मारली, ‘आत्ये, तो आत आला!’ घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या अर्ध्यांना टेनिसमध्ये सेट किती असतात हेसुद्धा माहीत नाही. तुम्ही विचारता मिळतं काय. मला हे मिळतं.

खेळाडू निवडताना उद्याचा तारा शोधू नका. २०१७ च्या नोव्हेंबरात मी मुंबईला मावसबहिणीकडे होते आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियात महिलांची स्पर्धा चालू होती. बेलारूसची एकोणीस वर्षांची मुलगी ती जिंकली. चेंडू मारताना तिचा आवाज गॅलरीच्या मागपर्यंत यायचा. ती अरिना सबालेंका, पुढे जगात पहिली झालेली. असे योग येतात, पण योगासाठी जायचं नसतं. तिच्यामुळे मला टेनिस आवडलं नाही, आधीपासूनच आवडत होतं म्हणून मी तिथं बसले होते.

प्रश्न : बाई, आम्ही गोव्यातून बघायला जायचं कुठं? मुलगा बारा वर्षांचा आहे, मिरामारच्या गास्पार दियशला शिकायला जातो.
— एक आई, पणजी

उत्तर : तुमचा मुलगा १९२६ सालच्या क्लबात शिकतो, हे त्याला सांगा. सामने बघायला मात्र घाट चढावा लागेल. पुण्याला डेक्कन जिमखान्यावर महिलांच्या स्पर्धा होतात, बालेवाडीला पुरुषांची चॅलेंजर, म्हणजे महासंघाच्या स्पर्धांच्या वरची पायरी. रात्रीच्या रेल्वेनं जाऊन येता येतं. सोलापूरलाही महिलांच्या स्पर्धा झाल्या आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात धारवाडला पुरुषांची २५ हजार डॉलरची झाली, तेव्हा मी मडगावहून गेले होते.

अंतिम सामन्याला जाऊ नका, पात्रता फेरीला जा. धारवाडला सकाळी कोर्टाजवळ आम्ही पाचसहा जण होतो आणि जाळीपलीकडे हात लावता येईल इतक्या अंतरावर खेळाडू. मी बसले तिथं एक मुलगा पहिला सेट हरला, दुसरा जिंकला. या स्तरावर पात्रता फेरीत तिसरा सेट नसतो, दहा गुणांचा टायब्रेक असतो. दीड तासाची मेहनत, आणि महिन्याचा हिशोब त्या दहा गुणांवर. तो आठ-दहा असा हरला. पंचांशी हात मिळवला, बाकावर बसला आणि घामेजले शर्ट एकेक करून कुंपणावर वाळत घातले, नीट, चिमटे लावून. पिशवीत चिमटे होते त्याच्या! दुपारी त्याला दुहेरी खेळायची होती. मुलाला हे दाखवा. फोरहँड त्याला प्रशिक्षक शिकवतील.

प्रश्न : माझा भाचा रात्रभर मोबाईलवर याच छोट्या स्पर्धांचे गुण बघतो. आम्हाला कौतुक वाटायचं. आता कळलं की तो पैसे लावतो.
— एक मामा, कुडचडे

उत्तर : मामा, आजच थांबवा. पहिल्या उत्तरातला १५६ डॉलरचा आकडा पुन्हा वाचा. इतक्यात भागत नाही म्हणूनच सामना विकत घेऊ पाहणारे या स्तरावर येतात. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीनं २०१८ साली हेच मांडलं : खेळाडूंची तुटपुंजी कमाई, आणि छोट्या स्पर्धांच्या थेट गुणांची माहिती सट्ट्यासाठी विकली जाणं. भाचा ज्या सामन्यावर पैसे लावतो तो खरा आहे की ठरलेला, हे त्याला कधीच कळणार नाही. आणि हरलेल्या खेळाडूंना रात्री जे घाणेरडे निरोप येतात, ते त्याच्यासारख्याच कुणीतरी, पैसे बुडाल्याच्या रागात पाठवलेले असतात. माझ्या खेळाडूलाही आले आहेत, त्यानं स्वतः लिहिलं होतं.

त्याला रागावून घराबाहेर काढू नका. किती बुडाले ते आधी शांतपणे विचारा, मोबाईलवरची ती खाती त्याच्याकडूनच, तुमच्यासमोर बंद करून घ्या. त्याला सामने वाचता येतात, एवढं तर दिसतंच आहे. पुढच्या रविवारी फोंड्याला माझ्याकडे पाठवा. माझ्या खेळाडूच्या सामन्यांच्या नोंदींच्या नऊ वह्या आहेत. दहावी सुरू करायची आहे, आणि माझे डोळे आता बारीक अक्षराला थकतात.