पहिलीतल्या पोराला किती रेटायचं?

प्रश्न: ताई, मुलगा पहिलीत आहे. शाळेतून आला की होमवर्क, मग अबॅकस, मग ऑलिम्पियाडचं वर्कबुक, रात्रीपर्यंत आम्ही दोघंही रडकुंडीला येतो. मिस्टर म्हणतात आत्ताच सवय लावली नाही तर पुढे स्कॉलरशिपला काय करणार. किती प्रेशर द्यावं?
– एक आई, नाशिक

उत्तर: अगं, स्कॉलरशिप कुठे पळून जातेय, त्याचे दुधाचे दात तरी पडू देत! केंद्राच्या 2020 च्या स्कूल बॅग पॉलिसीत दुसरीपर्यंत होमवर्क नको असं स्पष्ट लिहिलंय आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको, म्हणजे 20 किलोच्या पोराला फार तर 2 किलो, जरा काट्यावर ठेवून बघच. शाळेला विचार, आणि लेखी विचार, तोंडी विचारलं की "बघतो हं मॅडम" एवढंच ऐकायला मिळतं.

आता अभ्यास नकोच असं नाही हं. रोज पंधरा-वीस मिनिटं शेजारी बसून गोष्ट वाचा, अडला तर शब्द तू सांगून मोकळी हो. लिहिताना हात दुखतो म्हणत असेल तर पानं गिरवून घेण्यापेक्षा मटार सोलायला दे, कणकेचे गोळे करू दे, बोटांत ताकद अशानेच येते. तरीही वाचायला सतत अडखळत असेल तर ओरडू नका, बाईंशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. अबॅकस त्याला आवडत असेल तर ठेव, ऑलिम्पियाड मात्र सरळ बंद. आणि मिस्टरांना सांग, आठवडाभर संध्याकाळी तुम्ही बसा त्याच्यासोबत, मग सवयीचं बोलू.