ब्लॉटच्या चित्रात आधी पार्श्वभूमी पाहा

शोधनिबंधांतील चित्रांत नक्कल किंवा फेरफार आहे का हे तपासायला बसताना नवखा माणूस वेस्टर्न ब्लॉटमधील (नमुन्यातील प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चित्रातील) ठळक काळ्या पट्ट्यांकडेच पाहत राहतो. तुम्ही आधी त्यांच्यामागची करडी पार्श्वभूमी पाहा. पट्टे एकमेकांसारखे दिसणे स्वाभाविक आहे, पण पट्ट्याच्या डाव्या टोकाशी असलेला धुळीचा ठिपका आणि त्याखालचा बारीक ओरखडा दुसऱ्या चौकटीत त्याच अंतरावर पुन्हा दिसला, तर तो योगायोग मानणे कठीण जाते. चित्र इमेज-जे या चित्र-विश्लेषणाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून कॉन्ट्रास्ट वाढवा, ते आडवे-उभे उलटवा आणि १८० अंशांत फिरवूनही पाहा. ॲक्टिनसारख्या नियंत्रण-प्रथिनाचे (सर्व नमुन्यांत प्रथिन सारखेच घेतले आहे हे दाखवणाऱ्या प्रथिनाचे) पट्टे विशेष बारकाईने तपासा. तिकडे वाचकाचे फारसे लक्ष जात नाही, हे चित्र रचणाऱ्यालाही ठाऊक असते.

शोधनिबंधांतील चित्रे तपासणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०,६२१ निबंध नुसत्या डोळ्यांनी तपासले होते आणि त्यांतील ३.८ टक्क्यांमध्ये आक्षेपार्ह चित्रे आढळली होती. त्यामुळे नक्कल शोधणारे खास सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसू नका.

मात्र जेपेग फाइल दाबली (कॉम्प्रेस केली) गेली की ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन उमटतात आणि त्यांच्या कडा जोडकामासारख्या भासतात. मी स्वतः सुरुवातीला त्यांना फसलो होतो. म्हणून नियतकालिकाच्या संकेतस्थळावरील सर्वांत मोठ्या आकाराचे चित्रच घ्या, आणि संपादकांना लिहिताना ‘लबाडी’ हा शब्द टाळून कोणत्या आकृतीतील कोणती चौकट कोणत्या चौकटीशी जुळते, एवढेच नोंदवा.