मेलेले अंग आखडत नाही, ताठते

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारले आहे की, डॉक्टर ज्याला ‘रिगर मॉर्टिस’ म्हणतात, त्यासाठी ‘मृतदेह आखडला’ लिहावे की ‘ताठला’, आणि त्याचा शास्त्रीय मराठी शब्द कोणता. लॅटिन शब्दांचा अर्थ कोणत्याही कोशात सापडेल, तो सोडून देतो. ‘आखडला’ मात्र बातम्यांत इतक्या वेळा वाचावे लागते की त्याचा समाचार घेणे भाग आहे. आखडणे म्हणजे आक्रसून आखूड होणे. मृत्यूनंतर आधी सगळे स्नायू सैल पडतात. मग त्यांतील एटीपी, म्हणजे स्नायूंना ऊर्जा पुरवणारे रसायन, संपत जाते, ॲक्टिन आणि मायोसिन या स्नायूंतील प्रथिनांचे तंतू एकमेकांत अडकून राहतात आणि हात-पाय ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत ताठतात. स्नायूची लांबी फारशी घटत नाही. जळालेल्या देहाचे हात-पाय उष्णतेने दुमडतात, तेथे ‘आखडले’ खुशाल लिहावे.

‘मरणोत्तर काठिण्य’ हा शब्द वापरणाऱ्यांशीही माझे जमत नाही. काठिण्य दगडाचे असते आणि ते टिकते. हा ताठपणा पापण्या आणि जबडा येथे प्रथम जाणवतो, सुमारे १२ तासांत अंगभर होतो आणि पुढे ओसरतो, कोकणातल्या उकाड्यात तर अधिकच लवकर. बांगडा घेताना तो हातात आडवा धरून ताठ राहतो की लोंबतो हे पाहणारे गिऱ्हाईक हीच अवस्था तपासत असते, आणि त्याच्या तोंडी ‘ताठ’ हाच शब्द असतो.

या ‘ताठ’चे मूळ संस्कृत ‘स्तब्ध’मध्ये आहे, असे माझे ठाम मत आहे. आज आपण ‘स्तब्ध’ म्हणजे थक्क एवढेच समजतो, परंतु त्याचा जुना अर्थ ताठर, आणि त्यावरून गर्विष्ठ, असा आहे: बारा वर्षे वेद शिकून घरी परतलेल्या श्वेतकेतूला छांदोग्य उपनिषद ‘स्तब्ध’ म्हणते, ते तो चकित झाला म्हणून नव्हे, तर त्याला विद्येचा ताठा चढला होता म्हणून. अंगाचा ताठपणा आणि मनाचा ताठा हे दोन्ही अर्थ मराठीने जसेच्या तसे जपलेले असताना, केवळ ध्वनिबदलाच्या कोष्टकात शब्द नीट बसत नाही म्हणून ही व्युत्पत्ती नाकारणारे अर्थाकडे डोळेझाक करतात. ‘स्तब्ध’ ज्या ‘स्तम्भ्’ धातूपासून झाला, त्याच धातूपासून आपले ‘थांबणे’ही आले आहे.