अन्यभाषा येत नाही म्हणजे पवित्र आत्मा मिळाला नाही, असं असतं का?

बाप्तिस्म्याला तीन वर्षं झाली, उपास केले, हात ठेवून प्रार्थना करून घेतल्या तरी अन्यभाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करणं) येत नाही, मग आत्मिक दानं, म्हणजे पवित्र आत्मा देतो ती दानं, मिळवायची कशी, असं तुम्ही विचारलंय. मला तर "मिळवायची" हा शब्दच खटकला. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की आत्मा स्वतःच्या इच्छेप्रमाणे ज्याला त्याला वाटून देतो, आणि अध्याय संपता संपता विचारतो, सगळेच अन्यभाषा बोलतात का? नाही बोलत, म्हणून तर विचारतोय तो.

मी 19 वर्षांची असताना पुण्यात शिकत होते, माझा चुलतभाऊ, दादा, मला त्याच्या फेलोशिपमध्ये घेऊन गेला. शुक्रवारची रात्रभर प्रार्थना होती. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले हालेलूया भरभर म्हणत राहा, जीभ सैल सोड, बाकी आत्मा करेल. तासभर झाला, बाजूच्या सगळ्या मुलींना "आलं", मी एकटीच राहिले, आणि सगळे माझ्याभोवती गोळा होऊन आणखी जोरात प्रार्थना करायला लागले, तेव्हा मी तोंडातून काहीतरी आवाज काढले. टाळ्या पडल्या, रविवारी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी देवाच्या नावाने खोटं बोलले, आणि त्यानंतर कितीतरी महिने मला नीट प्रार्थनाच करता येईना.

नगर जिल्ह्यात घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. आई ओरडली नाही, प्रार्थना करू म्हणाली आणि साध्या मराठीत केली. आई आयुष्यात कधी अन्यभाषा बोलली नाही. पण दादाचे वडील, म्हणजे तिचे थोरले दीर, लकव्याने 14 महिने अंथरुणात होते, त्यांना पुसणं, कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं सगळं तिने केलं. गावात कुणी आजारी असलं की ती जायची, मग ते मंडळीतले असोत नाहीतर नसोत. आणि ती गेली तेव्हा मातीच्या दिवशी दादा म्हणाला, "काकू चांगली होती, पण आत्म्याने भरलेली नव्हती." याला नऊ वर्षं झाली, मी तेव्हा गप्प बसले.

दादा, त्याच अध्यायाचं 28 वं वचन वाच. साहाय्य करणं, व्यवस्था बघणं हीसुद्धा तिथे दानांमध्येच मोजलीत, आणि ती अन्यभाषेच्या आधी आहेत. दान दिलंय ते सगळ्यांच्या भल्यासाठी, तुझ्या वडिलांच्या भल्यासाठी ते कुणी वापरलं?

पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचंच बघा. 1905 मध्ये तिथे मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची नव्याने जागृती, झालं, मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत, पुढे काही जणी अन्यभाषाही बोलल्या. त्याच मुक्तीत पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणत वर्षानुवर्षं बसल्या, 1922 मध्ये जाईपर्यंत तेच काम, आणि छपाई तिथल्याच बायकामुलींनी केली. छपाईचे खिळे जुळवणारीला आत्मा नव्हता असं म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही.

हां, अन्यभाषा खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. माझ्या ओळखीच्या एक आजी एकांतात तशी प्रार्थना करतात, कुणाला दाखवत नाहीत, त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आणि मागूच नये असंही नाही, दानांची उत्कंठा बाळगा असं पौलच म्हणतो. फक्त मंडळीत अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं हेही त्यानेच 14 व्या अध्यायात लिहिलंय, ते आमच्या त्या रात्री कुणालाच आठवलं नाही.

तुमच्यावर कुणी हालेलूया भरभर म्हणायची जबरदस्ती केली तर उठून घरी या. आणि तुमच्या मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीला कोण जातं ते पाळकांना विचारा, या आठवड्यात त्यांच्याबरोबर तुम्हीही जा.