तळं हिरवं, पण किटवर फॉस्फेट शून्य: असं का?

प्रश्न: शेततळ्याचं पाणी गर्द हिरवं झालंय, ठिबकचे फिल्टर सारखे तुंबतात. किटवर तपासलं तर फॉस्फेट जवळपास शून्य. म्हणजे शेवाळाचा खताशी संबंध नाही ना? घरच्या घरी खात्री करता येईल का?

उत्तर: एवढ्यावरून खताला निर्दोष ठरवू नका. किट पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट दाखवतं. हिरव्या तळ्यात ते शेवाळाने केव्हाच शोषून घेतलेलं असतं. म्हणून प्रयोगशाळेत ‘एकूण फॉस्फरस’ तपासायला सांगा आणि नमुना न गाळता द्या. मग शेवाळाच्या पेशींतला फॉस्फरसही मोजला जातो. हा आकडा लिटरला साधारण 0.03 मिलिग्रॅमच्या पुढे गेला की पाणी हिरवं पडायला लागतं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या 50 किलोच्या गोणीत सुमारे 10 किलो फॉस्फरस असतो. हिशेब केला तर तेवढा 33 कोटी लिटर पाण्याला पुरतो! तळ्यात खत टाकलं नसेलही, पण पावसात वाहून आलेली रानातली माती पुरेशी होते.

आता चाचणी. एक लिटरच्या बारा पारदर्शक बाटल्या घ्या. डिटर्जंटने धुऊ नका, त्यात फॉस्फेट असू शकतं. तळ्याचं एक भाग आणि पावसाचं स्वच्छ चार भाग पाणी मिसळा, बारीक कापडातून गाळून पाण्यातले किडे काढा (ते शेवाळ खातात आणि निकाल फसतो) आणि बाटल्या भरा. 0:52:34 (नत्र नसलेलं, फॉस्फेट-पोटॅशचं विद्राव्य खत) आणि युरिया (नत्राचं खत) प्रत्येकी 1 ग्रॅम वेगवेगळ्या लिटरभर पाण्यात विरघळवा. तीन बाटल्या तशाच ठेवा. तिनांत 0:52:34 चं द्रावण 1 मिली, तिनांत युरियाचं 4 मिली, उरलेल्या तिनांत दोन्ही. डीएपी इथे चालणार नाही, त्यात नत्रही असल्याने दोष कोणाचा ते कळत नाही. झाकणं सैल ठेवा, उजेड हवा पण थेट ऊन नको. रोज हलवा, जागा बदला.

आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा. नुसत्या फॉस्फेटच्या बाटल्या हिरव्या झाल्या, तर तुमच्या पाण्यात वाढ फॉस्फरसवर अडली होती. दोन्ही घातलेल्याच हिरव्या झाल्या तर नत्रही कमी आहे. काही न घातलेल्याही तेवढ्याच हिरव्या दिसल्या तर तळ्यात साठा आधीच भरपूर आहे. कॅनडातल्या ओंटारिओत 1973 साली हेच अख्ख्या तलावावर केलं होतं: मधोमध पडदा लावून एका बाजूला कार्बन-नत्र, दुसरीकडे त्यासोबत फॉस्फरस. फॉस्फरसची बाजूच हिरवीगार झाली.

निकाल फॉस्फरसकडे बोट दाखवत असेल तर स्फुरद (फॉस्फरसचं खत) माती परीक्षणाप्रमाणेच द्या, मातीत पेरून द्या, पावसाच्या तोंडावर फेकू नका. तळ्याच्या वरच्या अंगाला गवताचा पट्टा ठेवा. तरी पाणी लगेच निवळणार नाही. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस प्राणवायू कमी झाला की पुन्हा वर येतो, त्यामुळे गाळ काढावा लागेल.

शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याची घाई नको. शेवाळ एकदम मेलं की कुजताना प्राणवायू संपतो, मासे मरतात. त्यातून नीलहरित शेवाळ असेल तर पेशी फुटून विष पाण्यात उतरतं. पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी साय दिसली तर जनावरांना ते पाणी पाजू नका.